आडाख्यांची वही

"बेळगाव कितीला सोडलं?" हा प्रश्न माझ्या मामांनी नोकरीची सदतीस वर्षं फोनवर विचारला. लोंढा जंक्शनवर बसून मिरजेकडून येणाऱ्या गाडीचा अंदाज बांधायचा तो असाच. बेळगाव सोडलं, मग देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी आणि मग आपला सिग्नल. गाडी डोळ्यांना दिसायच्या तासभर आधीच ती वहीत येऊन उभी असते. २००९ मध्ये मामा निवृत्त झाले, पण वही काही सुटली नाही. आता तिच्यात गाड्यांच्या जागी सिनेमे असतात.

२ मार्च २०२५ ला संध्याकाळी मी बेळगावहून लोंढ्याला गेले ते ही वही बघायला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, आपल्या वेळेनुसार, ९७ वा ऑस्कर सोहळा सुरू होणार होता आणि मामांची दोन पानं भरून तयार होती. वही किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीसारखी लांबट, लाल कापडाच्या पाठीची. प्रत्येक पुरस्कारापुढे दोन रकाने आखलेले. एकावर लिहिलंय 'आवड', दुसऱ्यावर 'अंदाज'. आवड निळ्या शाईत, अंदाज काळ्या शाईत.

"हे दोन एकत्र झाले की माणूस फसला बघ," मामा म्हणाले. "आपल्या घरचं कुणी गाडीत असलं म्हणून गाडी लवकर येत नाही."

जानेवारी ते मार्च या हंगामात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये एकामागून एक पुरस्कार जाहीर होत असतात. त्यांतले समीक्षकांचे आणि पत्रकारांचे पुरस्कार मामा नोंदवतात, पण त्यांवर फार भिस्त ठेवत नाहीत, कारण ते देणाऱ्यांना ऑस्करचं मत नसतं. त्यांची खरी नजर असते संघटनांवर: निर्मात्यांची प्रोड्यूसर्स गिल्ड, दिग्दर्शकांची डायरेक्टर्स गिल्ड, नटनट्यांची स्क्रीन अ‍ॅक्टर्स गिल्ड. या संघटनांतली पुष्कळ माणसं ऑस्कर देणाऱ्या अकादमीचीही सभासद आहेत. म्हणजे तेच हात तीन आठवडे आधी एकदा वर होऊन गेलेले असतात. बाफ्ता हा ब्रिटिश पुरस्कार. अकादमीत परदेशी सभासद वाढल्यापासून मामा त्यालाही मोजतात.

त्या वर्षीचं पान मी बोट ठेवून वाचलं. ८ फेब्रुवारीच्या रात्री तिकडे निर्माते आणि दिग्दर्शक या दोन्ही संघटनांनी 'अनोरा'ला कौल दिला. त्यापुढे मामांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'खानापूर, गुंजी एकदम'. आठवड्याने लेखक संघटनेचाही पुरस्कार 'अनोरा'लाच. मग १६ फेब्रुवारीला बाफ्ताने 'कॉन्क्लेव्ह' निवडला आणि २३ तारखेला नटांच्या संघटनेनेही समूह अभिनयासाठी 'कॉन्क्लेव्ह'च उचलला. मी विचारलं, "मग तुमचा अंदाज डगमगला नाही का?"

"डगमगला की. दोन दिवस झोप नव्हती. पण निर्माते कसं मोजतात ते बघ. ते मोजणं आणि ऑस्करचं मोजणं एकाच जातीचं."

हे मोजणं मला मामांनी नाही, मामींनी समजावलं. मामी हायस्कुलात शिक्षिका होत्या आणि विधान परिषदेच्या वायव्य शिक्षक मतदारसंघात त्यांनी अनेकदा मत दिलेलं. तिथे चिन्हासमोर शिक्का मारायचा नसतो, उमेदवारांपुढे १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहायचे असतात. २०१० च्या सोहळ्यापासून ऑस्करचा सर्वोत्कृष्ट चित्रपटही असाच निवडतात. सभासद सगळ्या नामांकित चित्रपटांना क्रम देतो. आधी फक्त पहिल्या पसंतीची मतं मोजायची. कुणालाच निम्म्याहून जास्त मिळाली नाहीत तर सगळ्यांत खाली असलेला चित्रपट बाद करायचा आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरच्या दुसऱ्या पसंतीकडे वळवायच्या. कुणीतरी निम्मा आकडा ओलांडेपर्यंत हे चालू राहतं.

"आमच्याकडं काय व्हायचं," मामी म्हणाल्या, "एखाद्या उमेदवाराचे भक्त भरपूर, पण तितक्याच लोकांना तो नकोसा. पहिल्या फेरीत पुढं, आणि मग तिथंच अडकला. सगळ्यांचा दुसरा-तिसरा असलेला माणूस हळूहळू वर यायचा."

२०२२ च्या पानावर याचा धडाच आहे. 'द पॉवर ऑफ द डॉग'ला १२ नामांकनं होती, 'कोडा'ला जेमतेम ३. मोठा सिनेमा कुठला हे उघड दिसत होतं. पण निर्मात्यांच्या आणि नटांच्या संघटनेने 'कोडा'ला निवडलं. कर्णबधिर आईवडिलांच्या, गाणाऱ्या मुलीची ती गोष्ट कुणालाच नकोशी नव्हती. त्या रात्री 'कोडा'ने तिन्ही पुरस्कार घेतले आणि 'पॉवर ऑफ द डॉग'च्या हाती फक्त दिग्दर्शनाचा राहिला. त्या वर्षी मामांचा काळा रकाना बरोबर आला तो मामींमुळे.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती आणि मी ती बोलून दाखवली. 'अनोरा' मामांनी पाहिलेला नव्हता. 'कॉन्क्लेव्ह' पाहिला होता, 'ब्रुटलिस्ट' नाही. न पाहिलेल्या सिनेमाचं भविष्य सांगायचं, हे कितपत बरोबर? मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग निळ्या रकान्यावर बोट ठेवलं. न पाहिलेल्या चित्रपटापुढे तो रकाना कोराच होता. 'आवड' लिहायला सिनेमा बघावा लागतो, 'अंदाज' लिहायला मत देणारी माणसं ओळखावी लागतात. दोन वेगळी कामं. हे मला पटलं. पुढे एप्रिलमध्ये बातमी आली की आता अकादमीच्या सभासदांना अंतिम फेरीत मत द्यायचं तर त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहावेच लागतील. म्हणजे तोवर मत देणाऱ्यांवरही ही सक्ती नव्हती! ती बातमी मी मामांना फोनवर वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी ती तारखेसकट वहीत उतरवून घेतली. त्यांच्या मते येत्या काही वर्षांचे आडाखे यामुळे बदलतील: लांबलचक आणि कमी गाजलेल्या सिनेमांना न्याय मिळेल.

सोहळ्याच्या दिवशी पहाटे पाचला मामी चहा घेऊन आल्या. बाहेर अंधार आणि जंगलाचा गारठा होता, स्टेशनवरून कन्नड, हिंदी, इंग्रजीतली घोषणा ऐकू येत होती. मामा मफलर गुंडाळून टीव्हीसमोर बसले. एकेक पाकीट फुटलं की ते काही न बोलता बरोबर किंवा चूक अशी खूण करायचे. अ‍ॅनिमेशनला त्यांनी 'द वाइल्ड रोबॉट' लिहिला होता, पुरस्कार लॅटव्हियाच्या 'फ्लो'ला गेला. लघुपटात 'अनुजा' नामांकित होता, दिल्लीतल्या कपड्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलीची गोष्ट. तिथे निळ्या रकान्यात 'अनुजा' होतं, काळ्यात दुसरं नाव होतं, आणि 'अनुजा'ला मिळाला नाही. "आवडीला पाठिंबा द्यायचाच," ते पुटपुटले, "पण काळ्यात आणायचं नाही."

अभिनेत्रीच्या पुरस्काराला खरी कसोटी लागली. डेमी मूरला गोल्डन ग्लोब आणि नटांच्या संघटनेचा पुरस्कार मिळालेला. 'अनोरा'च्या मायकी मॅडिसनला बाफ्ता. मामांनी मूर लिहिलं होतं. मिळाला मॅडिसनला. त्यांनी चुकीची खूण केली आणि शेजारी लिहिलं, 'सिनेमाच्या लाटेबरोबर नटी वाहून येते, हे धरलं नाही.' 'अनोरा'ने ५ पुरस्कार घेतले; त्यांतले चार एकट्या शॉन बेकरच्या नावावर: निर्मिती, दिग्दर्शन, पटकथा, संकलन. एकाच चित्रपटासाठी एकाच माणसाला चार ऑस्कर याआधी कधी मिळाले नव्हते. मामांचे २३ पैकी १६ बरोबर आले. मला वाटलं, ते चुकलेले सात विसरून जातील. तसं झालं नाही. न्याहारी होईपर्यंत ते त्या सातांवरच बसले होते, कुठल्या स्टेशनचा फोन आपण नीट ऐकला नाही हे शोधत.

वहीची जुनी पानं मी दुपारी चाळली. पहिलं पान २००५ चं, आणि त्यावर काळा रकानाच नाही. संदीप सावंत यांचा 'श्वास' भारतातर्फे ऑस्करला गेला होता. त्याला तिकडे प्रसिद्धीसाठी पैसे कमी पडतायत म्हटल्यावर गावोगावी लोकांनी वर्गणी काढली. मामांनीही स्टेशनात डबा फिरवला. त्यांचे एक कन्नड सहकारी हुबळीचे. त्यांनी सगळ्यांत आधी त्यात नोट टाकली. जानेवारी २००५ मध्ये नामांकनं आली, 'श्वास' त्यात नव्हता. पुढे पुरस्कार स्पेनच्या 'द सी इनसाइड'ला गेला. त्या पानावर फक्त निळ्या शाईत 'श्वास' लिहिलेलं आहे आणि खाली तारीख. मत कोण देतं, किती जणांनी तो सिनेमा पाहिला, आधीची स्टेशनं कुठली, यातलं काहीच तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कळावं म्हणून मामांनी वही सुरू केली.

याच्या कितीतरी आधी, एप्रिल १९८३ मध्ये, 'गांधी'च्या वेशभूषेसाठी भानू अथैया यांना ऑस्कर मिळालं. कोल्हापूरच्या बाई, म्हणजे आमच्या निपाणीपलीकडच्याच. त्यांनी नंतर सांगितलं होतं की समारंभाला जमलेले इतर वेशभूषाकारच त्यांना म्हणत होते, हे तुम्हालाच मिळणार, तुमच्या कामाचा पसारा एवढा मोठा आहे. मामांना ही गोष्ट फार आवडते. त्यांच्या मते सगळ्यांत खरा अंदाज त्याच धंद्यातल्या माणसाचा असतो, आणि आपण लांब राहणारी माणसं त्याचे नुसते पडसाद गोळा करतो.

राष्ट्रीय पुरस्कारांचं पान वेगळं आहे. तिथे काळा रकाना मामा आखतच नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिथं स्टेशनंच नाहीत गं मधे." ऑस्करला मतदार दहा हजारांच्या आसपास; एवढ्या गर्दीचा कल असतो, सवयी असतात, त्या दरवर्षी थोड्या थोड्याच बदलतात. राष्ट्रीय पुरस्कारांत आधी विभागीय समित्या चित्रपट चाळतात, मराठी, कोकणी, गुजराती पश्चिमेकडे आणि कन्नड दक्षिणेच्या एका समितीकडे. शेवटी केंद्रीय समितीची मोजकी माणसं एका खोलीत बसून ठरवतात आणि ती माणसं पुढच्या वर्षी बदलतात. एखाद्याने मनापासून बाजू मांडली की निकाल फिरू शकतो. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या सुवर्णकमळाचा इतिहास बघितला तर हे दिसतं. १९५४ मध्ये पहिल्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर मराठीला 'श्वास'पर्यंत पन्नास वर्षं थांबावं लागलं. मग 'देऊळ', 'कोर्ट', 'कासव' असे तीन अवघ्या पाच-सहा वर्षांत आले. 'देऊळ'चा मान ब्यारी भाषेतल्या चित्रपटाबरोबर वाटून. 'जोगवा' सौंदत्तीच्या यल्लम्माच्या जोगत्यांचा, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या देवीचा. त्याला एका वर्षात पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. यातलं काहीही कुठल्या आकडेमोडीने आधी सांगता आलं नसतं.

मराठी थांबून होती त्या पन्नास वर्षांत कन्नडला ते सुवर्णकमळ पुन्हापुन्हा मिळत गेलं: 'संस्कार', 'चोमन दुडी', आणि एकट्या गिरीश कासारवल्लींना तर चारदा. 'द्वीप'ला मिळालं तेव्हा हुबळीच्या त्या सहकाऱ्यांनी लोंढा स्टेशनात धारवाडचा पेढा वाटला होता. दोन वर्षांनी 'श्वास'च्या बातमीला मामांनी बेळगावचा कुंदा आणला. आमच्या भागात भाषेवरून काय काय झालं हे मला माहीत आहे, आमच्या घरानेही ते सोसलंय. म्हणूनच त्या स्टेशनातल्या पेढ्याची आणि कुंद्याची गोष्ट मला इथे लिहायची होती.

१ ऑगस्ट २०२५ ला ७१ वे राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा मी पुन्हा लोंढ्यात होते. पाऊस धो धो, वीज गेलेली, बातम्या माझ्या फोनवर. समितीचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर होते, ज्यांचा 'लगान' २००२ मध्ये ऑस्करच्या अंतिम पाचांत होता. वहीत मामांनी मराठीसमोर निळ्या शाईत 'आत्मपॅम्फलेट' लिहिलेलं होतं. पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा पुरस्कार त्याच्या आशिष बेंडेंना मिळाला. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून नाव आलं 'श्यामची आई', सुजय डहाकेंचा, नव्याने केलेला, कृष्णधवल.

मामा काही क्षण थांबले. पहिला 'श्यामची आई' त्यांच्या आईने बेळगावात पाहिला तेव्हा ते चार-पाच वर्षांचे होते आणि पडद्यावरचं काहीच कळत नव्हतं. आई रडतेय एवढंच कळून तेही रडले होते. हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितलं.

"कन्नडला काय मिळालं?" त्यांनी विचारलं.

"कंदीलु."

त्यांनी मेणबत्ती वहीजवळ ओढून दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली. मग माझा फोन मागून घेतला, चष्मा वर सरकवून पाठ असलेला हुबळीचा नंबर लावला, आणि पलीकडून आवाज येताच पावसापेक्षा मोठ्याने विचारलं, "'कंदीलु' नोडीरेन्री?"