तीन तारांची तीस वर्षं

पेसमेकर म्हणजे मंदावलेले ठोके वाढवणारं यंत्र, एवढी ओळख बरीच वर्षं पुरली. १९५८ मध्ये स्टॉकहोमला आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला गेला, तोही त्यासाठीच. ठोके पुरेसे आहेत, पण हृदयाचं पंपिंगच थकलंय, चार पावलांवर धाप लागते, पायांवर सूज आहे, अशा रुग्णाला मात्र औषधं तरी द्यायची, नाहीतर हृदय प्रत्यारोपणाची वाट पाहायची.

यातल्या अनेकांच्या हृदयात डावीकडे विजेचा संदेश नेणारी वाट बंद पडलेली असते. डॉक्टर त्याला लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक म्हणतात. संदेश मग उजवीकडून स्नायूंतून सरकत उशिरा पोचतो. डाव्या कप्प्याचा मधला पडदा आधी आवळतो, बाहेरची भिंत मागाहून. दोघांनी ओली चादर पिळताना एकाने उशीर केला तर पाणी चादरीतच राहतं, तसं रक्त आत राहतं.

दोन्ही भिंतींना एकाच वेळी इशारा दिला तर? १९९४ मध्ये फ्रान्समधल्या सर्ज काझो आणि सहकाऱ्यांनी ५४ वर्षांच्या एका अत्यवस्थ रुग्णाचा अनुभव प्रसिद्ध केला. त्याच्या हृदयाच्या चारही कप्प्यांना पेसिंग दिलं होतं. सहा आठवड्यांत सूज उतरली आणि वजन १७ किलोंनी घटलं. हे सगळं शरीरात साचलेलं पाणी होतं.

तेव्हा डाव्या बाजूची तार हृदयाच्या बाहेरून, शस्त्रक्रियेने लावावी लागे. फ्रान्समधल्याच रेनचे ज्याँ-क्लोद दोबेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये शिरेतून जायची वाट दाखवली आणि हा उपचार आवाक्यात आला. आज डाव्या कॉलरबोनखालची जागा बधिर करून दोन तारा उजव्या कप्प्यांत सोडतात. तिसरी हृदयाचंच अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या कोरोनरी सायनस या शिरेतून डाव्या भिंतीवर नेतात. खरी कसोटी या तिसरीची. शीर बारीक किंवा वाकडी निघते. कधी तार नेमकी श्वासपटलाच्या नसेजवळ बसते आणि ठोक्यागणिक पोट उचकी लागल्यासारखं उडतं. मग जागा बदलावी लागते.

पुरावे भराभर आले. २००१ च्या ‘मस्टिक’ अभ्यासात त्याच रुग्णांचं यंत्र तीन महिने चालू आणि तीन महिने बंद ठेवलं. चालू असताना सहा मिनिटांत कापलेलं अंतर २३ टक्क्यांनी जास्त भरलं. २००५ च्या ‘केअर-एचएफ’मध्ये ८१३ रुग्ण होते. सरासरी २९ महिन्यांत नुसत्या औषधांवरचे ३० टक्के दगावले, यंत्र बसवलेल्यांतले २० टक्के.

तरी साधारण तिघांतल्या एकाला अपेक्षित फरक पडत नव्हता. फायदा कुणाला होणार हे आधी कसं ओळखायचं? हृदयाच्या सोनोग्राफीवर, म्हणजे इकोवर, मोठी भिस्त होती. २००८ च्या ‘प्रॉस्पेक्ट’ अभ्यासात इकोची बारा मोजमापं तपासली. एकही भरवशाचं ठरलं नाही. २०१३ च्या ‘इको-सीआरटी’मध्ये इकोवर बिघाड दिसणाऱ्या, पण ईसीजीतला क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत विजेचा संदेश पसरायला लागणारा वेळ दाखवणारा भाग) अरुंद असलेल्या रुग्णांना यंत्र दिलं. त्यांच्यात मृत्यू उलट वाढले आणि अभ्यास थांबवावा लागला.

बाजी मारली ती साध्या ईसीजीच्या कागदाने. त्यावरचा एक बारीक चौकोन म्हणजे ४० मिलिसेकंद. क्यूआरएस १५० मिलिसेकंद किंवा त्याहून रुंद, म्हणजे निदान पावणेचार चौकोन, सोबत लेफ्ट बंडलचा ब्लॉक आणि ईएफ (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचं प्रमाण) ३५ टक्के किंवा कमी, अशा रुग्णाला फायद्याची शक्यता सर्वांत जास्त.

आता तिसऱ्या तारेलाच पर्याय उभा राहतो आहे. २०१७ मध्ये चीनमधल्या वेनझोऊच्या हुआंग वेइजियान यांनी मधल्या पडद्यात तार रुतवून थेट डाव्या बंडललाच पेसिंग दिलं. तिथेही रुग्ण निवडताना हाच कागद लागतो.

घरात हार्ट फेल्युअरचा रुग्ण असेल तर ईएफच्या आकड्यावर थांबू नका. क्यूआरएस किती रुंद आहे आणि ब्लॉक कोणता, हे डॉक्टरांना विचारा. आणि यंत्र बसलं तरी औषधं सोडू नका.