मोठ्या कुत्र्याला गाडीतून नेताना

शेताची राखण करणारा कुत्रा सहसा गावाची वेस ओलांडीत नाही. तरीही रेबीजची लस टोचण्यासाठी त्याला वर्षातून एकदा तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात न्यावेच लागते. पिल्लू असले तर मुले त्याला मांडीवर घेतात. पण मुधोळचा शिकारी कुत्रा किंवा अल्सेशियन असला, तर पंचवीस-तीस किलोंचे धूड मांडीवर मावत नाही. मग त्याला जीपमध्ये मुलांच्या पायांशी कोंबतात, नाहीतर पिकअपच्या हौद्यात गळ्याला दोरी लावून उभे करतात, असे आमच्या पाहण्यात येते. या दोन्ही रीती जिवावर बेतणाऱ्या आहेत.

ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी कशावर आदळली, तर गाडी थांबते, कुत्रा थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे फेकला जातो. २० फूट उंचीवरून खाली पडावे, तितका तो आघात असतो. ३० किलोंचे ओझे एवढ्या जोराने मुलाच्या पाठीवर आले तर काय होईल, याचा विचार करावा.

हौद्यात लांब दोरीने बांधलेला कुत्रा वळणावर बाहेर घसरतो किंवा उडी घेतो आणि गळ्याला फास बसून कडेला लटकतो. चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

यासाठी गळ्याचा पट्टा उपयोगाचा नाही. छातीवरून व खांद्यांमागून जाणारा रुंद, मजबूत पट्टा घ्यावा. त्याची आखूड दोरी मागील सीटच्या बेल्टच्या कडीत अडकवावी. कुत्र्याला बसता व आडवे होता यावे, इतकीच ती सैल असावी. खिडकीबाहेर डोके काढू देऊ नये. धूळ व खडे डोळ्यांत जातात. पुढच्या सीटवर तर त्याला मुळीच बसवू नये. तेथे एअरबॅग उघडली तर तिच्या तडाख्यानेच तो दगावेल. हौद्यातूनच न्यायचे झाल्यास भक्कम पिंजरा हवा. तो चारही बाजूंनी आवळून बांधावा, वर सावली करावी आणि खाली गोणपाट अंथरावे. उन्हात तापलेल्या पत्र्याने पंजे भाजतात.

दुसरा शत्रू म्हणजे उष्मा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. म्हणून प्रवासात त्याचे तोंड दोरीने किंवा फडक्याने आवळू नये. बाहेर ३० अंश तापमान असले, तरी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत अर्ध्या तासात ते ४५ अंशांच्या पुढे जाते. काच थोडी उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. बाजारहाट करायची असेल, तर एकाने कुत्र्याला घेऊन झाडाखाली थांबावे. तो जोराने धापा टाकू लागला, दाट लाळ गाळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर त्याला सावलीत घ्यावे, अंगावर थंड पाणी ओतावे, वारा घालावा आणि लगेच डॉक्टर गाठावा.

निघण्यापूर्वी तीन-चार तास खायला देऊ नये, म्हणजे ओकारी होणार नाही. पाणी मात्र द्यावे. दवाखान्याच्या दिवसाआधी आठवडाभर त्याला उभ्या गाडीत रोज थोडा वेळ पट्टा लावून बसवावे. एकदा सवय झाली की तो शांत बसतो आणि चालकाचे लक्ष रस्त्यावर राहते.