घरी सोडल्यानंतर (लेखांक ४) : अंथरुणाने जडलेला आजार

मागच्या लेखात आपण डिस्चार्जच्या दिवसाची धावपळ पाहिली. आज त्यानंतरच्या तीन-चार आठवड्यांकडे वळू. सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत या आठवड्यांना आधीच्या दुखण्याचे शेपूट समजले जाते, आणि मला तीच समजूत घातक वाटते. येल विद्यापीठातील हृदयरोगतज्ज्ञ हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये या अवस्थेला ‘पोस्ट-हॉस्पिटल सिंड्रोम’ असे नावच दिले. अमेरिकेत तेव्हा मेडिकेअर या सरकारी विम्याखाली उपचार घेऊन घरी गेलेल्या वृद्धांपैकी सुमारे एक-पंचमांश जणांना ३० दिवसांच्या आत गंभीर दुखण्यामुळे पुन्हा रुग्णालयात परतावे लागत होते. हृदय निकामी झाल्याने दाखल झालेल्या ज्यांना असे परतावे लागले, त्यांच्यापैकी मूळ तक्रारीसाठी परतलेले होते साधारण ३७ टक्के. बाकीचे जंतुसंसर्ग, पोटाचे विकार, पडझड अशा भलत्याच कारणांनी आले. म्हणजे फाइलवर लिहिलेला आजार आटोक्यात आला, तरी माणूस मात्र ठिसूळ होऊन घरी परतला.

हे कशाने होते? रात्री दोनला रक्तदाब, पहाटे रक्ताचा नमुना, तपासणीसाठी उपाशी ठेवणे, आणि दिवस-रात्र पडून राहणे. ‘आजोबांना वात झालाय, काहीतरी बरळतात’ असे नातेवाईक सांगतात, त्यामागे बऱ्याचदा आजाराइतकाच या मोडलेल्या झोपेचाही हात असतो. पडून राहण्याचा हिशेब तर मोजलेला आहे. सरासरी ६७ वर्षे वयाच्या काही निरोगी स्वयंसेवकांना दहा दिवस अंथरुणात ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील जवळपास एक किलो मांसल भाग गेला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला हा प्रयोग ठणठणीत माणसांवरचा होता. ताप, सलाइन आणि भूक मेलेल्या माणसाचे काय होत असेल, याचा अंदाज करता येतो.

आता आपल्या घरांत काय चालते ते पाहा. आजारी माणसाला उठू द्यायचे नाही, पाण्याचा पेलाही हातात द्यायचा, भेटायला आलेल्या प्रत्येकाने ‘आता पूर्ण आराम’ म्हणून जायचे. जेवायला मऊ भात, पेज, वरणाचे पाणी, साबुदाण्याची खीर. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. झिजलेला स्नायू त्यातून भरून येत नाही. घट्ट वरण, दही, पनीर, चालत असेल तर अंडे, हे मूत्रपिंडाची तक्रार नसलेल्या बहुतेकांना लागते. पण ते ‘जड’ ठरवून बाजूला सारले जाते. प्रेमापोटी आपण रुग्णालयाचीच खाट घरी पुढे चालू ठेवतो.

‘आणि पडले तर?’ हा आक्षेप खोटा नाही. कोथरूडच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या सोसायटीत किंवा ओल्या फरशीच्या संडासात पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडणे. पण न चालवल्याने पाय आणखी लुळे पडतात आणि पडण्याची शक्यता वाढते. शस्त्रक्रियेनंतर पायावर भार द्यायला डॉक्टरांनीच मनाई केली असेल, तर गोष्ट निराळी. एरवी वॉकर, संडासात पकडायला दांडा आणि सोबत माणूस, एवढे असले की दिवसातून चार वेळा खुर्चीपर्यंत जाणे जमते. ब्यूरोतून येणाऱ्या मावशी रुग्णाला झोपवूनच ठेवतात, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. त्यांचेही चूक नाही. पडले तर जाब त्यांनाच विचारला जातो, न चालवल्याचा जाब कोणी विचारत नाही.

मग हे करायचे कोणी? मुलगा हिंजवडीत नाहीतर न्यू जर्सीत, त्यामुळे पुण्यात हा भार पुष्कळदा साठी-सत्तरीतल्या पत्नीवर येतो. १९९९ मधल्या एका अमेरिकी अभ्यासात, जोडीदाराची शुश्रूषा करताना ताण जाणवणाऱ्या वृद्धांचा चार वर्षांतला मृत्युदर इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी जास्त निघाला. शुश्रूषा करूनही ताण नसलेल्यांत अशी वाढ दिसली नाही. सेवेपेक्षा एकटीने आणि न शिकता केलेली सेवा मारते, असा मी याचा अर्थ लावतो.

म्हणून घरच्यांना शिकवायला हवे, असे माझे म्हणणे. यावर एक पुरावा माझ्या विरुद्ध जातो, तो लपवण्यात अर्थ नाही. पक्षाघाताच्या रुग्णांचे व्यायाम नातेवाइकांना शिकवून घरीच करून घेण्याची ‘अटेंड’ ही चाचणी भारतातल्या १४ केंद्रांवर, १,२५० रुग्णांवर झाली. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला : सहा महिन्यांनंतर काही फरक नाही. पण या चाचणीने तपासले ते पक्षाघातानंतरचे पुनर्वसन कुटुंबाच्या हाती सोपवता येते का, हे. कुटुंब म्हणजे फुकटातला फिजिओथेरपिस्ट नव्हे, एवढे त्यातून सिद्ध झाले. खाटेवरून खुर्चीत कसे बसवायचे, पाठीवरची लाल झालेली जागा कशी ओळखायची, कोणत्या खुणेला वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा, हे शिकवणे निरर्थक आहे असे त्यातून निघत नाही. वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून कर्करुग्णांसाठी विनामूल्य चालते. तिथे घरचे माणूस रुग्णाजवळ राहते आणि काळजी घ्यायला शिकते. कर्करोग नसलेल्या वृद्धांच्या घरच्यांनाही असे शिक्षण का मिळू नये?

पैशांची बाजू थोडक्यात. ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजना सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता खुली झाली. डिस्चार्जनंतरचा खर्च त्यात १५ दिवसांपर्यंत धरला जातो. खासगी पॉलिसीत ही मुदत बहुधा ६० दिवस किंवा अधिक असते, पण घरी ठेवलेल्या मावशींचा पगार सहसा त्यात बसत नाही. त्यामुळे तूर्त हातात आहे ते रुग्णालयातच मागून घ्यावे. निदान एक गोष्ट : डिस्चार्जच्या कागदांवर सही करण्याच्या आदल्या दिवशी फिजिओथेरपिस्टना खाटेशी बोलवावे आणि घरी सांभाळणाऱ्या माणसालाच त्यांच्या देखत रुग्णाला उठवायला, चालवायला, घरी जिना असेल तर चार पायऱ्या चढवायला लावावे. पुढच्या आठवड्यात औषधांच्या यादीबद्दल.