अनोळखी कुत्रा आडवा आला तर

लालबाग-परळच्या गल्लीत हातगाडीखाली झोपलेला, खात असलेला किंवा पिल्लांजवळचा कुत्रा दिसला की लांबूनच जावं. शेपटी हलतेय म्हणजे तो खूश आहे, हा समज फसवा. अंग ताठ, नजर रोखलेली आणि वर उभारलेली शेपटी थरथरत असेल, तर तो इशारा समजा. पळू नका, पळणाऱ्याच्या मागे तो हमखास लागतो. हात अंगालगत ठेवून स्तब्ध उभं राहा, नजर खाली वळवा, मग हळूहळू बाजूला व्हा. मुलांना हे घरी करून दाखवाच.

तरीही दात लागला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट अजिबात नको. लगेच परळचं केईएम किंवा जवळचं सरकारी रुग्णालय गाठा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून लशीचा एकही डोस चुकवू नका.