पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएलाइट : ऐकीव मतं आणि आजची स्थिती

नवीन ॲप्लिकेशनचं काम सुरू झालं की डेटाबेस कुठला घ्यायचा, हे बहुतेक ठिकाणी पहिल्याच मीटिंगमध्ये ठरतं आणि ते ऐकीव माहितीवर ठरतं. पोस्टग्रेस जड आहे, मायएसक्यूएलवर भरवसा ठेवता येत नाही, एसक्यूएलाइट खऱ्या कामाचं नाही. यातलं एकही मत निव्वळ थाप नाही. प्रत्येक मत कुठल्या तरी आवृत्तीत खरं होतं. पुढे सॉफ्टवेअर बदललं, मत मात्र तसंच तोंडोतोंडी फिरत राहिलं. म्हणून असं काही कानावर आलं की आधी विचारावं, हे कुठल्या आवृत्तीबद्दल चाललंय?

गैरसमज : मायएसक्यूएल डेटा सांभाळत नाही

१९९५ साली स्वीडनमध्ये जन्मलेल्या मायएसक्यूएलची सुरुवातीची कीर्ती वेगाची होती. तेव्हाचं त्याचं नेहमीचं स्टोरेज इंजिन म्हणजे मायआयसॅम. त्यात ट्रान्झॅक्शन नव्हतं, फॉरेन कीचं बंधनही पाळलं जात नव्हतं. एका खात्यातून रक्कम वजा झाली आणि दुसऱ्या खात्यात जमा होण्याआधी सर्व्हर बंद पडला, तर हिशेब तसाच अर्धवट राहायचा. २०१० च्या अखेरीस आलेल्या ५.५ आवृत्तीपासून इनोडीबी हे मूळ इंजिन झालं आणि ही तक्रार मिटली.

दुसरी तक्रार जास्त काळ टिकली. वीस अक्षरांच्या रकान्यात तीस अक्षरं टाकली, तर मायएसक्यूएल वरची दहा कापून नोंद करायचं आणि फक्त वॉर्निंग द्यायचं. कडक तपासणी आपोआप चालू राहू लागली ती ५.७ पासून, म्हणजे २०१५ मध्ये. 'किंमत शून्यापेक्षा जास्तच हवी' अशी चेक अट टेबलवर पूर्वीही लिहिता यायची, पण ती वाचून सोडून दिली जायची. २०१९ च्या ८.०.१६ पासून ती खरोखर पाळली जाते.

मराठी मजकूर साठवणाऱ्यांनी एक जागा मुद्दाम तपासावी. मायएसक्यूएलमध्ये 'युटीएफ८' या नावाचा जो जुना कॅरेक्टर सेट आहे, तो एका चिन्हाला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत मावतं, त्यामुळे वर्षानुवर्षं काही बिघडत नाही. मग एक दिवस ग्राहक 'धन्यवाद' लिहून पुढे हात जोडल्याची इमोजी टाकतो आणि त्यानंतर 'पार्सल मिळालं' लिहितो. इमोजीला चार बाइट लागतात. कडक तपासणी चालू असेल तर नोंदच नाकारली जाते. बंद असेल तर इमोजीपासून पुढचं सगळं कापलं जातं आणि टेबलात एकटं 'धन्यवाद' उरतं. खरा युटीएफ-८ म्हणजे 'युटीएफ८एमबी४'. २०१८ मध्ये आलेल्या ८.० पासून नव्या डेटाबेसला तोच मिळतो. पण सर्व्हर अपग्रेड केला म्हणून जुनी टेबलं बदलत नाहीत. ती मायआयसॅममध्ये असतील तर मायआयसॅममध्येच राहतात, जुन्या कॅरेक्टर सेटमध्ये असतील तर त्यातच. आजही मायएसक्यूएलच्या नावाने जी ओरड होते, तिचं मूळ बऱ्याचदा अशा वारशाने आलेल्या टेबलांत सापडतं.

गैरसमज : मारियाडीबी म्हणजे मायएसक्यूएलच, फक्त नाव वेगळं

२००८ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने मायएसक्यूएल विकत घेतलं आणि २०१० मध्ये सनच ओरॅकलच्या ताब्यात गेली. मायएसक्यूएलचे मूळ कर्ते मायकेल विडेनियस यांनी २००९ मध्येच त्याच कोडमधून मारियाडीबी वेगळं काढलं होतं. ५.५ आवृत्तीपर्यंत दोन्ही जवळपास समांतर चालली, १०.० पासून वाटा फुटल्या. मायएसक्यूएल जेसन स्वतःच्या बायनरी स्वरूपात साठवतं, तर मारियाडीबीत जेसन हे लाँगटेक्स्टचंच दुसरं नाव आहे. रिप्लिकेशनचे जीटीआयडीही एकमेकांना जुळत नाहीत. डेबियन लिनक्सवर 'डीफॉल्ट-मायएसक्यूएल-सर्व्हर' मागितलं तर २०१७ पासून मारियाडीबीच इन्स्टॉल होतं. म्हणून सर्व्हरवर नक्की काय चालू आहे, हे आवृत्ती विचारून बघावं आणि टेस्टिंगही त्याच्यावरच करावं.

काही वेळा निवडीला फारशी जागाच नसते. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट मुख्यतः मारियाडीबीवर वाढलेलं आहे, वर्डप्रेसला मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी लागतं. तिथे प्रवाहाविरुद्ध जाऊन हाती काही लागत नाही.

गैरसमज : पोस्टग्रेस हळू आणि जड आहे

१९८६ मध्ये बर्कलीला मायकेल स्टोनब्रेकर यांच्या संशोधनातून पोस्टग्रेस सुरू झालं. ते हळू असल्याचं मत अगदी जुन्या आवृत्त्यांवरून पडलं. आज प्रश्न विचारायचा तो कामाच्या प्रकाराचा. पोस्टग्रेस एखादी ओळ अपडेट करताना जुनी ओळ तशीच ठेवून नवी लिहितं, आणि जुन्या ओळी व्हॅक्यूम नंतर साफ करतं. ही सफाई २००८ च्या ८.३ पासून आपोआप चालू असते. ती बंद करू नये. शिवाय इंडेक्समध्ये ओळीचा प्रत्यक्ष पत्ता असतो, म्हणून इंडेक्स असलेला एक रकाना बदलला तरी टेबलावरच्या बाकीच्या इंडेक्समध्येही नवी नोंद पडते. उबरने २०१६ मध्ये पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएल घेतल्याचं जाहीर केलं, तेव्हा दिलेल्या कारणांत हे ठळक होतं. इनोडीबीच्या दुय्यम इंडेक्समध्ये पत्त्याऐवजी प्रायमरी की असते, त्यामुळे तिथे हा बोजा पडत नाही. पण तिथे आख्खं टेबल प्रायमरी कीच्या क्रमाने रचलेलं असतं, त्यामुळे प्रायमरी की म्हणून विस्कळीत यूयूआयडी दिले तर लिहिण्याचा वेग घसरतो. उबरचा निर्णय उबरच्या कामाला लागू होता. चाळीस टेबलांच्या बुकिंग ॲपला तो दाखला देऊन काही साधत नाही.

पोस्टग्रेसची खरी अडचण कनेक्शनची आहे. प्रत्येक कनेक्शनला वेगळी प्रोसेस लागते आणि मूळ मर्यादा शंभरची असते. ॲपच्या प्रती वाढल्या की मध्ये पीजीबाउन्सरसारखा पूलर ठेवावा लागतो.

पोस्टग्रेसच्या बाजूने माझ्या लेखी सर्वात वजनदार मुद्दा वेगाचा नाहीच. टेबलची रचना बदलण्याची कामंही त्यात ट्रान्झॅक्शनमध्ये करता येतात. मायग्रेशनच्या पाच पायऱ्यांपैकी तिसरी फसली, की रोलबॅक केल्यावर टेबलं पहिल्यासारखी. एखाद-दुसरा आदेश याला अपवाद आहे. मायएसक्यूएलमध्ये मात्र ऑल्टर टेबल चालवलं की आधीचं काम तिथेच कमिट होतं. तिसरी पायरी फसली तर पहिल्या दोन लागू झालेल्या असतात, आणि रात्री अकरा वाजता त्या हाताने निस्तराव्या लागतात. वेगळा डीबीए नसलेल्या छोट्या टीमला मी पोस्टग्रेस सुचवतो ते एवढ्यासाठी.

गैरसमज : एसक्यूएलाइट शिकण्यापुरतं

रिचर्ड हिप यांनी २००० साली आणलेलं एसक्यूएलाइट हा सर्व्हर नाही. ती ॲपच्या आत बसणारी लायब्ररी आहे आणि सगळा डेटा एका फाइलमध्ये असतो. अँड्रॉइड आणि आयफोन, दोन्हींत ते असतंच. एसक्यूएलाइटची स्वतःची वेबसाइटही त्याच्यावर चालते. एका वेळी एकच जण लिहू शकतो हे खरं, पण २०१० मध्ये आलेल्या वॉल मोडमध्ये लिहिणं चालू असताना वाचणाऱ्यांना थांबावं लागत नाही. एका सर्व्हरवर चालणाऱ्या, वाचन जास्त असलेल्या कामाला एवढं पुरतं. दोन सर्व्हरवरून एकच फाइल नेटवर्कवर वापरायची वेळ आली, की त्याचा नाद सोडावा.

खोड वेगळीच आहे. पूर्णांकाच्या रकान्यात 'पंधरा' असा शब्द टाकला तर ते निमूट ठेवून घेतं. ते रोखायला २०२१ पासून मिळालेलं स्ट्रिक्ट टेबल वापरावं. फॉरेन कीची तपासणीही दर कनेक्शनला चालू करून घ्यावी लागते.

गैरसमज : जीपीएल म्हणजे आपला कोड उघडा करावा लागतो

मायएसक्यूएल आणि मारियाडीबी आपल्याच सर्व्हरवर चालवून त्यावर वेबसाइट उभी केली, तर तसं काही बंधन येत नाही. प्रश्न येतो तो सॉफ्टवेअर सोबत देऊन वाटप करताना. पोस्टग्रेसचा परवाना बीएसडीसारखा सैल आहे, आणि एसक्यूएलाइटवर तर कोणाचा स्वामित्वहक्कच नाही.

गैरसमज : ओआरएम आहे, डेटाबेस नंतर बदलू

जँगो सुरुवातीला एसक्यूएलाइट देतं. म्हणून लॅपटॉपवर एसक्यूएलाइट आणि प्रत्यक्षात पोस्टग्रेस, अशी विभागणी सर्रास होते. ओआरएम क्वेरीची भाषा बदलून देतो, वागणूक नाही. इनोडीबीचं मूळ आयसोलेशन रिपीटेबल रीड, पोस्टग्रेसचं रीड कमिटेड. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तीच क्वेरी दोनदा केली तर दोन ठिकाणी वेगळं उत्तर येऊ शकतं.

याहून साधा फरक लॉगिनच्या पानावर दिसतो. रोमन लिपीतल्या ईमेलचं पहिलं अक्षर कॅपिटल असो वा स्मॉल, मायएसक्यूएलचं मूळ कोलेशन दोन्ही एकच मानतं. पोस्टग्रेस वेगळी मानतं. डेटा हलवल्यावर जुने ग्राहक 'असं खातं नाही' म्हणून परत जातात, किंवा त्याच ईमेलने दुसरं खातं उघडून बसतात. त्यामुळे हलवण्याआधी सगळे ईमेल स्मॉल अक्षरांत करून घ्यावेत आणि युनिक इंडेक्सही स्मॉल केलेल्या रूपावरच बांधावा.