सोळा भाज्यांची वही

पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात, त्यांना आमच्या मराठवाड्यात महालक्ष्म्या म्हणतात. विदर्भातही तेच नाव. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. तीन दिवसांचं माहेरपण. पण घरातल्या बायकांना विचाराल तर तयारी पंधरा दिवसांची आणि थकवा महिनाभराचा. कुणाकडे पितळी मुखवटे, कुणाकडे शाडूचे, कोकणस्थांकडे पाणवठ्यावरून आणलेले खडे, तर कोकणात कित्येक घरी तेरड्याची रोपं. जेवणही तसंच घराघराचं निराळं. आमच्याकडे पुरणपोळी, सोळा भाज्या, आंबील आणि पडवळाची कढी, कोकणस्थांकडे घावन-घाटलं, आणि कोकणातल्या अनेक घरांत गौरीला चक्क तिखटाचा नैवेद्य, म्हणजे मटण किंवा चिंबोऱ्या. बँकेनं मला कोकणात पाठवलं होतं तेव्हा एका सहकाऱ्याकडून हे कळलं. सुट्टीत घरी आल्यावर आईला भीतभीतच सांगितलं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "माहेरी आलेल्या लेकीला तिच्या आवडीचं करून घालतात. त्यात काय एवढं?"

आमच्या घरी या जेवणाची एक वही आहे. आजोबांनी ती १९४३ साली सुरू केली. त्यांचा मजकूर मोडीत, मापं शेर-पायलीत आणि खर्च हाली रुपयांत, कारण आम्ही तेव्हा निजामाची प्रजा. वडिलांचा मजकूर बाळबोध लिपीत आणि किलोत. पुढे थोरल्या भावाचं अक्षर, मग काही वर्षं माझं. आयुष्यभर लोकांची खातेपुस्तकं वाचण्यात गेल्यामुळे असेल, पण मी ही वही एखाद्या कादंबरीसारखी वाचतो. डाळ किती, गूळ किती, तूप किती, आणि शेवटी ‘पानं’ किती, म्हणजे किती माणसं जेवली. बाकी काही नाही. १९४८ च्या पानावर तर तेवढंही नाही. त्या भाद्रपदात मराठवाडा रझाकारांच्या दहशतीखाली होता. १३ सप्टेंबरला पोलीस कारवाई सुरू झाली आणि १७ ला निजाम शरण आला, पण महालक्ष्म्या त्याच सुमाराला येऊन गेल्या होत्या. आजोबांनी साल लिहिलंय, तिथी लिहिलीय आणि पुढे डाळ पावशेर. पानांचा आकडा कोरा. मुखवटे मांडले असतील, दार लावून घेतलं असेल आणि नैवेद्यापुरतं पुरण शिजलं असेल.

सगळ्यांत मोठा आकडा १९६६ चा आहे. पानं ९२. मी तेव्हा सहा वर्षांचा होतो आणि त्या सुमाराच्या पंगती मला चांगल्या आठवतात. दिवेलागणीला नैवेद्य. मग मेहूण आणि सवाष्णी, मग भाऊबंद आणि गावातले मानकरी, मग आम्ही पोरं. त्यानंतर अंगणात सालदारांची आणि बलुतेदारांची पंगत. ती अंगणातच का, हे तेव्हा कुणी विचारत नसे. आणि ज्यांना विचारावंसं वाटत असेल त्यांना विचारण्याची सोय नव्हती. या सगळ्यांच्या नंतर, मध्यरात्र उलटताना, घरातल्या बायका. तोवर सोळा भाज्यांतल्या सात-आठ उरलेल्या असत आणि पोळ्या मोजून घ्याव्या लागत. लोक हल्ली ‘पूर्वीच्या पंगतीची गोडी’ म्हणून हळहळतात, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, तुम्ही कितव्या पंगतीला बसत होता?

आणि एक माणूस कुठल्याच पंगतीत नसे. वडिलांची आत्या, आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. चौदाव्या वर्षी वैधव्य आलेली, केशवपन झालेली, कायम लाल आलवणात. तिचं सोवळं सर्वांत कडक, म्हणून महालक्ष्म्यांचं पुरण तिनंच करायचं. डाळ शिजवून, गूळ घालून, पाट्यावर वाटायची. तेव्हा पुरणयंत्र नव्हतं. ९२ पानांचं पुरण पाट्यावर वाटणं म्हणजे काय, हे ज्यांनी पाटा-वरवंटा वापरलाय त्यांनाच कळेल. पण नैवेद्याचं ताट न्यायला ती पुढे येत नसे आणि सवाष्णींच्या वाटेत उभीही राहत नसे. ती एकभुक्त. रात्री जेवायचीच नाही. पंगती उठेपर्यंत चुलीपुढे बसायची आणि मग तांब्याभर पाणी पिऊन निजायची. १९७१ साली ती गेली. वहीत तिचं नाव कुठेही नाही.

त्याच्या पुढच्याच वर्षी दुष्काळ. १९७२ ची पानं १९. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो मिळत होती आणि तिच्या भाकरी गावात कुणाच्या घशाखाली उतरत नव्हत्या. पुरण घरच्यांपुरतंच झालं. प्रश्न होता सोळा भाज्यांचा. मळ्यातली विहीर तळाला गेलेली, पडवळ नाही, दोडका नाही. आईनं विहिरीच्या काठची ओल धुंडाळून तांदुळजा आणला, घोळ आणली, पाथरी आणली. अंबाडीचा पाला एक आणि अंबाडीची बोंडं दोन, अशी स्वतंत्र नोंद केली. भोपळ्याची पानं एक, फुलं दोन आणि फळ तीन. असे करत करत सोळा भरले. वडिलांनी ते सोळाही वहीत ओळीनं लिहून ठेवलेत. आजोबांनी हे मान्य केलं असतं की नाही, शंका आहे.

दुष्काळ सरला, पण पानांचा आकडा काही ९२ वर परत गेला नाही. काका नोकऱ्यांच्या मागे औरंगाबादला, मुंबईला गेले. मी १९८२ साली बँकेत लागलो आणि दर तीन वर्षांनी बिऱ्हाड पाठीवर आलं. त्यातून १९८९ पासून बँकांचं हिशेबाचं वर्ष मार्चअखेर झालं, म्हणजे अर्धवार्षिक हिशेब सप्टेंबरात, नेमका महालक्ष्म्यांच्या मागेपुढे. रजा मागायला गेलो की साहेब कॅलेंडरकडे बघायचे.

स्वयंपाकघरही बदललं. गॅस आला, मिक्सर आला, पुरणयंत्र आलं. आईचं सगळं ‘अंदाजानं’, आणि माझ्या बायकोच्या हाताशी कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’, जे १९७० साली निघालं आणि सासूपासून दूर राहणाऱ्या एका पिढीला वाटी-चमच्यानं स्वयंपाक शिकवून गेलं. सासूसुनांत गुळाच्या प्रमाणावरून दरवर्षी वाद व्हायचा. तो त्यांचा आवडता वाद होता, मी त्यात पडलो नाही. बायकांनी सगळ्यांबरोबर जेवायचं, ही सुधारणा मात्र कुठल्याही चर्चेशिवाय झाली. शहरातल्या घरात शेवटच्या पंगतीला जागाच नव्हती.

खरी परीक्षा २००३ साली आली. वडील १९९५ ला गेल्यावर आईनं पूजेची सगळी सूत्रं थोरल्या वहिनींकडे दिली होती. २००३ मध्ये भाऊ गेला. दिवस होतात न होतात तोच घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी विषय काढला. वहिनी आता सवाष्ण नाहीत, तेव्हा महालक्ष्म्या धाकट्याकडे पुण्याला न्याव्यात. रीत तशीच होती. वहिनी काही बोलल्या नाहीत. १९८१ पासून बावीस वर्षं त्यांनी त्या मुखवट्यांना साड्या नेसवल्या होत्या. त्यांनी मुखवटे चिंचेनं घासले, स्वतःच्या लग्नाच्या शालूत गुंडाळले आणि पेटी भरून परभणीहून रात्रीच्या एस.टी.नं पाठवून दिली. पहिली दोन वर्षं त्या आमच्याकडे आल्या नाहीत. तिसऱ्या वर्षी आल्या त्या थेट स्वयंपाकघरात गेल्या आणि पुरण ढवळायला घेतलं. पूजेच्या खोलीत त्या आल्याच नाहीत. माझी बायको एकदा मला म्हणाली, "या देवी तुमच्या वहिनींच्या आहेत. मी नुसती सांभाळतेय."

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारनंही इतर ग्रामपंचायतींनी तसं करावं असं परिपत्रक काढलं. वहिनींच्या मुलीनं ते कात्रण आईला, म्हणजे तिच्या आजीला, वाचून दाखवलं. आई तेव्हा ८६ वर्षांची. ती स्वतःही १९९५ पासून पूजेच्या वेळी ओसरीवर बसत आली होती. तिनं कात्रण पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, "मी लग्न होऊन आले तेव्हापासून सतरा वर्षं पुरण आत्याबाईंच्या हातचं होतं. देवीनं ते कधी परत पाठवलं नाही. मग ताट न्यायलाच हात का बाटतो?"

त्या भाद्रपदात पेटी परभणीला परत गेली. बायकोनं ती स्वतः नेली. वहिनींनी मुखवटे मांडले, ओटी भरली, नैवेद्याचं ताट नेलं. आईला पहिल्या पानावर बसवलं. ती नीट जेवली, आंबील दोनदा मागून घेतली.

हे सर्वांना रुचलं असं नाही. २०१९ साली पानं २७ होती, करोनाच्या २०२० मध्ये ४ आणि या २०२२ मध्ये १४. भाऊबंदांतली तीन घरं आली नाहीत. त्यांतलं एक अजूनही येत नाही. लग्नकार्यात भेटतात, चौकशी करतात, महालक्ष्म्यांचा विषय काढत नाहीत. आईलाही याचं वाईट वाटे. १४ चा आकडा तिनं वहीत दोनदा पाहिला होता. तिचं मागच्या वर्षी निधन झालं.

सोळा भाज्या आता बाजारात एकत्र चिरलेल्या मिळतात. वहिनी तो वाटा ताटात ओतून मोजतात. बारा-तेरा निघाल्या की भाजीवाल्याला बोल लावतात आणि परसातल्या अळूकडे वळतात.

वही पुतणीनं मागून घेतली आहे. वहिनींना एकच मुलगी, आणि मुखवटे आजवर सासूकडून सुनेकडे जात आले आहेत. शिवाय पुतणीच्या सासरी त्यांच्या स्वतःच्या महालक्ष्म्या आहेत. एका घरात दोन जोड्या चालतात का, यावर गावातल्या गुरुजींचं एक मत आहे आणि पुण्यातल्या गुरुजींचं दुसरं. पुतणीनं सासूबाईंना सरळच विचारलं. त्यांनी थोडा विचार करून विचारलं, पुरण तुमच्याकडे यंत्रातून काढतात की पाट्यावर वाटतात?