माप देऊन शिवलेला संगणक

तयार कपड्यांची दुकाने गावोगावी निघाली त्यापूर्वी आपल्याकडे सदरा शिवून घेण्याची रीत होती. कापड आपण निवडावयाचे, माप शिंप्याने घ्यावयाचे, आणि बाही किती लांब, खिसा एक की दोन, याचा निर्णय दोघांनी मिळून करावयाचा. सदरा हाती येण्यास आठ दिवसांऐवजी तीन आठवडे लागत, ही गोष्ट निराळी! आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, तिची खरेदी नेमकी याच रीतीने होते. ती वस्तू म्हणजे संगणकीय खेळांसाठी मागणीप्रमाणे जुळवून घेतलेला लॅपटॉप.

मी बेळगावातील एक शाळामास्तर. या शास्त्राचा जाणकार म्हणून मी आपणापुढे आलेलो नाही. परंतु २०२४ च्या दिवाळीनंतर अशी एक खरेदी मला करावी लागली, आणि तिच्या निमित्ताने मला जो अभ्यास घडला तो आपल्याही उपयोगी पडेल असे वाटते.

माझी मुलगी बारावी झाली आणि तिने सांगितले की, तिला संगणकावरचे खेळ तयार करण्याची विद्या शिकावयाची आहे. खेळ खेळण्याची नव्हे, तयार करण्याची. मी तिच्याकडे पाहातच राहिलो. परीक्षेच्या दिवसांत खेळांपायी मी तिला कितीदा रागे भरलो होतो! त्यासाठी जो संगणक लागतो त्याची किंमत लाखाच्या घरात जाते हे ऐकून तर मी विषयच बंद केला. आमच्या जुन्या कौलारू घराचे छप्पर दुरुस्त करण्यासाठी सव्वा लाख रुपये बाजूला ठेवलेले होते. त्यापलीकडे आमच्यापाशी शिल्लक नव्हती. शेवटी घरच्या मंडळींनीच निकाल दिला. त्या म्हणाल्या, “कौले आणखी एक पावसाळा थांबतील. पोरीचे वय थांबणार नाही.”

आता मुळात अशा लॅपटॉपमध्ये वेगळे ते काय असते? पडद्यावर आपण जे चित्र पाहातो ते बारीक ठिपक्यांचे बनलेले असते. आडव्या ओळीत १९२० आणि उभ्या ओळीत १०८० ठिपके असलेल्या पडद्यावर एकूण ठिपके होतात २० लाख ७३ हजार ६००. चित्रपटात सेकंदाला २४ चित्रे पुरतात. पण ती आधीच घेऊन ठेवलेली असतात. खेळातील चित्र मात्र खेळणाऱ्याने बोट हलविले की त्या क्षणी नव्याने काढावे लागते. पडदा सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा असेल आणि त्याचा पूर्ण लाभ घ्यावयाचा असेल, तर एका सेकंदात जवळजवळ ३० कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो, आणि एका चित्रासाठी वेळ मिळतो सेकंदाच्या हजाराव्या भागांपैकी केवळ सात भाग.

हे काम संगणकाच्या मुख्य प्रोसेसरला झेपत नाही. मी ते माझ्या वर्गातील उदाहरणाने सांगतो. एखादा अत्यंत हुशार विद्यार्थी अवघड गणित चटकन सोडवील. परंतु साध्या बेरजांच्या तीन हजार पाट्या त्याच्यापुढे ठेवल्या तर तो थकून जाईल. तेथे तीन हजार साधी मुले एकाच वेळी बसविली तर काम निमिषात होईल. चित्र काढणारी जी स्वतंत्र चिप असते, जिला ग्राफिक्स कार्ड म्हणतात, तिच्यात ही साधी मुलेच बसविलेली असतात. आम्ही घेतलेल्या एन्व्हिडिया कंपनीच्या आर. टी. एक्स. ४०६० या चिपच्या लॅपटॉपसाठीच्या प्रकारात अशी ३०७२ गणकस्थाने आहेत.

मागणीप्रमाणे लॅपटॉप बनवून देणारा दुकानदार सारे यंत्र स्वतः घडवितो, अशी माझी समजूत होती. ती चुकीची ठरली. तैवानमधील १९८३ साली स्थापन झालेल्या क्लेव्होसारख्या कंपन्या लॅपटॉपचा सांगाडा तयार करतात: बाहेरची पेटी, आतील मुख्य पट्टी, पडदा, कळफलक आणि पंखे. निरनिराळ्या देशांतील विक्रेते तो सांगाडा विकत घेऊन त्यात गिऱ्हाइकाच्या पसंतीची रॅम व साठवणीची एस. एस. डी. बसवितात, तपासणी करतात आणि आपले नाव लावून विकतात. म्हणजे कापड गिरणीचे, शिलाई शिंप्याची. म्हणूनच एकच सांगाडा दोन दुकानांत दोन नावांनी आढळतो, आणि सुजाण गिऱ्हाईक नावापेक्षा सांगाड्याची चौकशी करते.

विक्रेत्याने पाठविलेली याद्यांची पाने घेऊन आम्ही बापलेक चार संध्याकाळी बसलो. प्रत्येक ओळीपुढे निवड आणि प्रत्येक निवडीपुढे रक्कम. मुलीचा ओढा प्रथम वरच्या दर्जाच्या ४०७० या चिपकडे होता. पुढे वाचता वाचता तिलाच आढळले की, लॅपटॉपसाठीच्या या दोन्ही चिपांना स्वतःची स्मृती ८ गिगाबाइटच आहे. खेळ तयार करताना मोठमोठी चित्रे याच स्मृतीत मांडावी लागतात. मग ती आपण होऊन म्हणाली, “पप्पा, ते पैसे पडद्यावर घालू. रंग खरे दिसले नाहीत तर मी रंगवू काय?” श्रोतेहो, त्या एका वाक्याने माझी अर्धी शंका फिटली. मूल काय मागते यापेक्षा ते काय सोडावयास तयार होते, यावरून त्याच्या इच्छेची खोली समजते.

येथे एक मेख सांगून ठेवतो. चिपचे नाव तेच असले तरी तिचे बळ तेच असते असे नाही. ४०६० ही चिप लॅपटॉपच्या बांधणीप्रमाणे ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत वीज घेऊ शकते, आणि तिला जितकी वीज कमी तितकी तिची गती मंद. पातळ, देखण्या यंत्रात तिला बहुधा आखडत्या हाताने वीज मिळते. तेव्हा नुसते नाव न विचारता “किती वॅट?” असा प्रश्न अवश्य विचारावा.

दुसरे तत्त्व असे: जे पुढे बदलता येते तेथे आज काटकसर करावी; जे बदलता येत नाही तेथे आज हात सैल सोडावा. ग्राफिक्सची चिप बहुतेक लॅपटॉपमध्ये मुख्य पट्टीला कायमची जोडलेली असते. ती पुढे बदलता येत नाही. रॅम आणि एस. एस. डी. मात्र, सांगाड्यात मोकळ्या खाचा असतील तर, दोन वर्षांनीही वाढविता येतात. म्हणून आम्ही रॅम तूर्त १६ गिगाबाइटच घेतली. पण ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत. एका माणसाने दोन फेऱ्या करून पाणी आणण्यापेक्षा दोन माणसांनी एकाच वेळी घागरी आणणे जसे लवकर होते, तसेच दोन पट्ट्यांचे आहे. खेळांच्या गतीत हा फरक स्पष्ट जाणवतो.

१८ टक्के जी. एस. टी. धरून रक्कम झाली १ लाख १७ हजार. आठ दिवसांची बोली होती. यंत्र आले एकोणिसाव्या दिवशी. शिंप्याची आठवण झाली ती याच वेळी!

खोके उघडताना मुलीच्या मावशीने आरंभापासून शेवटपर्यंत चित्रफीत घेतली. ही दक्षता प्रत्येकाने घ्यावी. वाटेत काही मोडले असेल तर तोच पुरावा. आतून निघाला एक साधा काळा लॅपटॉप. झाकणावर ना नाव, ना चिन्ह. वजन सव्वादोन किलो, आणि त्याच्या जोडीला २३० वॅटचा, विटेएवढा अडॅप्टर. मला ते जड वाटले. पण १९८१ साली बाजारात आलेला ऑसबर्न वन हा हलविता येण्याजोगा संगणक सुमारे अकरा किलोंचा होता आणि त्याचा पडदा होता अवघा पाच इंचांचा, हे आठवून मी गप्प बसलो. तो काढणारे ॲडम ऑसबर्न यांचे बालपण तमिळनाडूत गेले आणि २००३ साली त्यांचा अंतही तेथेच, कोडाइकनाल येथे झाला, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

यंत्र सुरू झाले. पण मुलीचा चेहरा उतरला. १६ च्या जागी रॅम ८ गिगाबाइटच दिसत होती. माझ्या मनात आले, फसलो! कौलांचे पैसे गेले! विक्रेत्याला दूरध्वनी केला. तो शांतपणे म्हणाला की, प्रवासातील हादऱ्यांनी पट्टी खाचेतून सैल झाली असावी; खालचे झाकण उघडून ती बसवा, त्याने हमी रद्द होणार नाही. हे आश्वासन आम्ही त्याच्याकडून प्रथम लेखी मागून घेतले. नंतर यंत्र पूर्ण बंद केले, विजेची तार काढली, स्क्रू उलगडले आणि आतील बॅटरीची जोडणीही सोडविली. अंगावरची स्थिर वीज निघून जावी म्हणून लोखंडी कपाटाला हात लावला. पट्टी खरोखरच तिरपी झाली होती. मुलीने ती तिरकी धरून खाचेत सारली आणि हलकेच खाली दाबली. ‘टक्’ असा आवाज आला. झाकण लावून यंत्र सुरू केले, तो आकडा १६! भीतीने माझे हात थरथरत होते, तिचे नव्हते.

त्या अर्ध्या तासात मला यंत्राचे अंतरंगही पाहावयास मिळाले. दोन पंखे आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या तांब्याच्या चपट्या नळ्या. या बंद नळ्यांत किंचित द्रव असतो. चिपच्या बाजूला त्याची वाफ होते, पंख्याच्या बाजूला ती वाफ थंड होऊन पुन्हा द्रव बनते, आणि नळीच्या आतील जाळीतून झिरपत मूळ जागी परतते. भाताच्या पातेल्यावरील झाकणाला आतून थेंब धरतात, तोच हा प्रकार. याची गरज का? चिपने घेतलेली वीज अखेर उष्णतेच्याच रूपाने बाहेर पडते. दोन्ही चिपा जोरात चालल्या की १६० वॅटच्या आसपास, म्हणजे ४० वॅटचे जुने चार दिवे एका पाटीएवढ्या जागेत जळावेत इतकी उष्णता निघते. ती बाहेर गेली नाही तर चिप स्वतःचा बचाव करण्यासाठी गती कमी करते.

म्हणून पहिल्या आठवड्यातच यंत्राची परीक्षा घ्यावी. आम्ही एक अवजड खेळ अर्धा तास चालविला. प्रोसेसरचे तापमान ९३ अंशांवर गेले, आणि पंख्यांचा आवाज स्वयंपाकघरातील मिक्सरची आठवण करून देऊ लागला. मागच्या बाजूला लाकडाच्या दोन पट्ट्या ठेवून हवेला वाट करून दिली, तेव्हा ते ८८ पर्यंत उतरले. असे यंत्र नावाने मांडीवरचे असले तरी मांडीवर किंवा गादीवर ठेवू नये. पडदा एकेका रंगाने भरून मेलेला ठिपका नाही ना हे पाहिले. प्रत्येक कळ दाबून पाहिली. बॅटरी ५४ वॅट-तासांची. वाचन-लेखनाला ती चार तास पुरली. खेळात यंत्र निदान साठ वॅट घेते, तेव्हा तासभरही पुरली नाही. हा दोष नव्हे, साधा भागाकार आहे. एक उणीव मात्र मला खटकली: साऱ्या यादीत देवनागरी कळफलकाचा पर्याय कोठेच नव्हता. शेवटी अक्षरांच्या चिकटपट्ट्या आणून लावल्या. आता दिवसा मी त्यावर प्रश्नपत्रिका लिहितो आणि रात्री मुलगी आपले काम करते.

२०२५ च्या जून महिन्यात बेळगावचा पाऊस आपल्या रीतीप्रमाणे आला, आणि आमची कौले आपल्या रीतीप्रमाणे गळली. रात्री पातेली, बादल्या, घंगाळे, जे हाती येईल ते आम्ही थेंबांखाली मांडीत होतो. चार आठवड्यांनी मुलीने मला यंत्रापुढे बसविले. पडद्यावर एक कौलारू घर होते. वरून थेंब पडत होते, आणि भांडी सरकवून ते जमिनीवर पडण्यापूर्वी झेलावयाचे होते. कोपऱ्यात एक चष्मेवाला गृहस्थ बादली घेऊन धावत होता. त्याची चाल माझ्या परिचयाची वाटली. मी तीन वेळा हरलो. चौथ्या वेळी घरच्या मंडळींनी मला उठविले आणि त्या स्वतः बसल्या.

छपराचे पैसे पुन्हा साठवू लागलो आहोत.